जादा सेवांची फी: सही आधी नको
अ‍ॅडमिशनच्या वेळीच वृद्धांच्या केअर होममध्ये जादा सेवांचं पॅकेज घ्यावं लागतं असं कुणी म्हणालं, तर ते ऑस्ट्रेलियात आता खरं नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून नवा कायदा आलाय, त्यात ही फी माणूस होममध्ये राहायला गेल्यावरच ठरवता येते आणि सही केली तरी २८ दिवसांत रद्द करता येते. आमच्या सासूबाईंच्या जुन्या पॅकेजमध्ये रोज वाइनचा ग्लास आणि इंग्रजी पेपर होता, त्यांनी जन्मात वाइनला हात लावला नाही, पेपर तर घडीसुद्धा न मोडता उशाशी पडून असायचा, तरी पैसे कापले जायचेच, अजून आठवलं की जीव तळमळतो. जी सेवा वापरताच येत नाही तिचे पैसे आता घेता येत नाहीत, त्यामुळे बिलातली एकेक ओळ विचारा. जेवण, लाँड्री, साफसफाई तर बेसिक फीमध्येच येतं.