आवाज येतो पण चित्र काळं: व्हिडिओला डीआरएम आहे हे ओळखायचं कसं?

औसा_अभ्यासिका:
राम राम मंडळी. औशात छोटी अभ्यासिका चालवतो. नीटच्या लेकरांसाठी एका क्लासचे व्हिडिओ घेतलेत, एकत्र दाखवायची लेखी परवानगी आहे. लॅपटॉपवर झकास चालतात. जुना प्रोजेक्टर जोडला की आवाज येतो, चित्र काळंठिक्कर. माऊसचा बाण तेवढा फिरायलाय. यूट्यूब मात्र त्याच प्रोजेक्टरवर व्यवस्थित! दुकानदार म्हणतो नवा घ्या. खर्चाआधी विचारतो, हे डीआरएमचं, म्हणजे व्हिडिओची कॉपी रोखणाऱ्या डिजिटल कुलपाचं, लफडं आहे का?

मांजराकाठ:
थांबा, घेऊ नका. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये जनरलखाली डीआरएमची टिक असते. ती काढा आणि व्हिडिओ पुन्हा लावा. चालायचा थांबला आणि वर ‘डीआरएम चालू करा’ अशी पट्टी आली, तर डीआरएमच आहे, विषय संपला.

परभणीचा_टेस्टर:
पुरावाच पाहिजे तर एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये ‘एमपीडी’ शोधा, म्हणजे व्हिडिओच्या तुकड्यांची यादी असलेली फाईल. त्या फाईलीत ‘कंटेंटप्रोटेक्शन’ आणि ‘ईडीईएफ८बीए९’ने सुरू होणारा लांबलचक आयडी दिसला की ते गूगलचं वाईडवाईन नावाचं डीआरएम. मायक्रोसॉफ्टच्या प्लेरेडी या डीआरएमचा आयडी ‘९ए०४एफ०७९’ने सुरू होतो. एमपीडीऐवजी एम३यू८ ही दुसऱ्या प्रकारची यादी सापडली आणि आत ‘एईएस-१२८’ एवढंच असलं, तर लगेच डीआरएम म्हणू नका. ते साधं कुलूप, ब्राउझर किल्ली आणून उघडतो. त्यानं पडदा काळा होत नाही. आमच्या ऑफिसातही लोक इथंच फसतात.

औसा_अभ्यासिका:
पट्टी आली भाऊ. एमपीडीत ईडीईएफवालं पण सापडलं.

मांजराकाठ:
मग प्रोजेक्टरला कोणती वायर?

औसा_अभ्यासिका:
व्हीजीए. लॅपटॉपच्या एचडीएमआयला दोनशे रुपयांचं कन्व्हर्टर लावलंय.

मांजराकाठ:
तिथंच माशी शिंकली. व्हीजीएला एचडीसीपी, म्हणजे वायरीतून जाणाऱ्या चित्राची कॉपी रोखणारं संरक्षण, नसतं. व्हिडिओच्या लायसन्समध्ये त्याची अट असली की ब्राउझर चित्र बाहेर सोडत नाही, आवाज जातो. कन्व्हर्टर काढल्यावर लॅपटॉपवर चित्र येतं ना? मग थेट एचडीएमआयवाला टीव्ही लावून बघा. नाहीतर क्लासवाल्यांना सांगा, कमी रिझोल्युशनसाठी ही अट त्यांना काढता येते.

परभणीचा_टेस्टर:
+१. आणि कुणी ‘डीआरएम काढून देतो’ म्हणत आला तर त्याला चहा पाजून वाटंला लावा. परवानगी व्हिडिओ दाखवायची आहे, कुलूप तोडायची नाही.

औसा_अभ्यासिका:
भाच्याचा टीव्ही आणून लावला, चित्र आलं! ३२ इंचीच आहे, मागच्या लेकरांना दिसंना. त्यांना पुढं सतरंजीवर बसवलंय. क्लासला मेल टाकलाय, उत्तर आलं की कळवतो.