मदत हवी आहे: परराष्ट्र मंत्रालयाचा मूळ कायदा नक्की कुठला?

धागाकर्ती:
नमस्कार मंडळी, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सोमवारी असाइनमेंट द्यायचीय आणि एका चौकोनावर अडकलेय. विषय आहे परराष्ट्र मंत्रालयाची रचना आणि त्यावरची देखरेख, चार देशांची तुलना. सरांनी तक्ता आखूनच दिलाय: देश, मूळ कायदा, वर्ष, देखरेख कोणाची. अमेरिका पटकन झाली, २७ जुलै १७८९ चा कायदा, तेव्हा खात्याचं नाव डिपार्टमेंट ऑफ फॉरेन अफेअर्स होतं, दोन महिन्यांच्या आत ते स्टेट डिपार्टमेंट झालं, शिवाय अधिकाऱ्यांसाठी १९८० चा फॉरेन सर्व्हिस अ‍ॅक्ट. जपानचा मंत्रालय स्थापनेचा कायदा १९९९ चा, जर्मनीचा परराष्ट्र सेवेचा १९९० चा. आणि आपल्या स्वतःच्या देशाच्या रांगेत तीन दिवस झाले काहीच नाही! आधी मी तिथे पासपोर्ट अ‍ॅक्ट १९६७ लिहिलं होतं, तर सरांनी लाल पेनने गोल करून शेजारी "हा मंत्रालयाचा कायदा??" असं लिहून परत दिलं. प्लीज कोणीतरी सांगा, कुठला अ‍ॅक्ट आहे?

निवृत्त सेक्शनवाला:
ताई, शोधू नका, नाहीच आहे. सर पक्के आहेत, मुद्दाम तसा तक्ता दिलाय. आपल्याकडे मंत्रालय कायद्याने जन्माला येत नाही. घटनेचं कलम ७७(३) बघा, सरकारचं काम मंत्र्यांमध्ये कसं वाटायचं याचे नियम राष्ट्रपती करतात, त्यातून आले अ‍ॅलोकेशन ऑफ बिझनेस रूल्स, १९६१. पहिल्या परिशिष्टात मंत्रालयांची यादी आणि दुसऱ्यात कोणाकडे कुठला विषय. बास, तेवढंच. आमच्या सेक्शनमधल्या या नियमांच्या पुस्तकात दुरुस्तीच्या चिठ्ठ्या डकवून डकवून ते वडापावासारखं फुगलं होतं, रबरबँड लावून ठेवायचो. उदाहरण हवं तर अनिवासी भारतीयांसाठी २००४ मध्ये वेगळं मंत्रालय निघालं आणि जानेवारी २०१६ मध्ये ते परराष्ट्रमध्ये विलीन केलं, दोन्ही वेळा संसदेला कायदा करावा लागला नाही.

धागाकर्ती:
बाप रे, म्हणजे काका, अख्खं मंत्रालय नुसत्या नियमांवर? मग पासपोर्ट अ‍ॅक्ट, एमिग्रेशन अ‍ॅक्ट हे सगळं काय आहे?

अर्धा वकील:
ते कामाचे कायदे, मंत्रालयाचे नाहीत. सरांचा लाल गोल त्यासाठीच. बीकेसीत २०१७ मध्ये विदेश भवन झालं ना, तिथे जाऊन बघ, एकाच छपराखाली पासपोर्ट ऑफिस चालतं १९६७ च्या कायद्यावर आणि आखातात नोकरीला निघालेल्यांचं काम बघणारं ऑफिस १९८३ च्या एमिग्रेशन अ‍ॅक्टवर. तसंच परदेशी वकिलातींच्या सवलतींसाठी १९७२ चा कायदा, प्रत्यर्पणासाठी, म्हणजे आरोपी दुसऱ्या देशाच्या ताब्यात द्यायला, १९६२ चा. ही सगळी हत्यारं मंत्रालयाच्या हातात दिलीत पण मंत्रालय कसं असावं हे त्यातला एकही सांगत नाही.

आणि नियम म्हणजे किरकोळ असं समजू नकोस हां. आयएफएसवाल्यांच्या, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या, नोकरीचे नियमही १९६१ चेच, त्यात काय होतं माहितीये? बाई अधिकारी असेल तर लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि लग्नानंतर घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतायत असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता यायचा. पुरुषाला अशी राजीनाम्याची भीती नाही! सी. बी. मुथम्मा, १९४९ च्या बॅचच्या, आयएफएसमधल्या पहिल्या महिला, त्या बढतीच्या अन्यायावरून सुप्रीम कोर्टात गेल्या. १९७९ चा निकाल, न्या. कृष्ण अय्यर. मधल्या काळात बढती मिळाली म्हणून याचिका फेटाळली पण फेटाळताना सरकारला असं काही सुनावलंय की वाचताना मजा येते. एक नियम आधीच काढलाय, दुसरा निघतोय, असं सरकारी वकिलांना तिथे सांगावं लागलं. छोटासा निकाल आहे, मूळच वाच, नोट्स नको.

निवृत्त सेक्शनवाला:
+१. आता देखरेखीचा रकाना. संसदेची परराष्ट्र व्यवहार स्थायी समिती लिहा, ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, ही समित्यांची पद्धत १९९३ पासूनची. दरवर्षी मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चासाठी मागितलेले पैसे, तिथे तपासतात, सचिवांना बोलावून प्रश्न विचारतात. २०१६ मध्ये आयएफएसच्या भरती आणि रचनेवर या समितीने स्वतंत्र अहवाल दिलाय, असाइनमेंटला सोन्यासारखा आहे. शिफारशी बंधनकारक नसतात हे मात्र स्पष्ट लिहा. पैशांचा हिशेब कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक, बघतात, त्याला कलम १४९ आणि १९७१ चा कायदा.
गंमत बघा, हिशेब तपासणाऱ्याला कायदा आहे, ज्याचा तपासायचा त्या मंत्रालयाला नाही.

अर्धा वकील:
आणि करार करायलाही संसदेची आधी मंजुरी लागत नाही, करारासाठी देशातला कायदा बदलायचा असेल तर संसद कलम २५३ खाली कायदा करते. जमीन द्यायची म्हटली तर मात्र घटनादुरुस्ती, बांगलादेश सीमेसाठी २०१५ ची शंभरावी.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार!! मूळ कायदा या रकान्यात "कायदा नाही, कलम ७७(३) खालील नियम, १९६१" असं पेनाने लिहून टाकलं, पेन्सिलने नाही. अमेरिकेसारखा अ‍ॅक्ट आपल्याकडे असायला हवा होता का यावर एक पान लिहायचंय, माझं मत हो असं आहे, कारण रबरबँडवालं पुस्तक कोणी बदललं हे बाहेरच्याला कळणार कसं. सर भांडतील बहुतेक.

निवृत्त सेक्शनवाला:
कळतं हो, दुरुस्त्या निघतात की राजपत्रात. वाचत कोणी नाही ते सोडा.

कोथरूडचे आजोबा:
अवांतर विचारतो, माझ्या नातवाचा पासपोर्ट पोलीस व्हेरिफिकेशनला महिनाभर अडकलाय, त्या ३१ खासदारांकडे तक्रार देता येते का?

अर्धा वकील:
नाही आजोबा, त्यांचं ते काम नाही. पासपोर्ट ऑफिसला भेटीची वेळ घ्या, आणि वेगळा धागा काढा प्लीज.