ब्रेक कार्ड शिकवलं, आता दर अर्ध्या मिनिटाला कार्डच येतंय. मर्यादा घालावी का?

टेबल_टाइम
६ वर्षांचा स्वमग्न मुलगा, अजून बोलत नाही. टेबलावर काम समोर आलं की मनगट चावायचा. आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं, अशा नोंदी ठेवल्या. काम टळावं म्हणून चावतो हे त्यात स्पष्ट दिसलं. म्हणून चावण्याऐवजी ब्रेक कार्ड द्यायला शिकवलं. कार्ड हातात पडलं की काम बाजूला, १ मिनिट मोकळीक. चावणं जवळपास थांबलंय, पण आता दर अर्ध्या मिनिटाला कार्ड येतं आणि काम काहीच होत नाही. सहकारी म्हणतात, सेशनला ३ कार्डं द्या, संपली की संपली. आईला वाटतंय मुलगा कामचुकार होतोय. काय करावं?

निरीक्षण_वही
३ कार्डांची मर्यादा नको. चौथ्यांदा थांबावंसं वाटलं तर त्याने काय करायचं, याचं उत्तर त्या योजनेत नाही. तो स्वतःच शोधेल, आणि ते मनगटावर दिसेल. नवा मार्ग बंद पडला की जुनी सवय परत येते, बरेचदा आधीपेक्षा जोरात.

कार आणि ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये ही पद्धत (त्रासदायक वर्तनाऐवजी मागणी करायला शिकवणं) मांडली, तिचा गाभाच असा की मागणी प्रत्येक वेळी फळली पाहिजे. ते तुम्ही केलंत, म्हणून तर कार्डं येतायत. हा टप्पा अपेक्षितच आहे. आता ‘कार्ड कधी चालतं’ हे शिकवायचं.

आधी मोजा: विना-कार्ड तो सलग किती वेळ बसतो? ४-५ सेशनची सरासरी काढा आणि सुरुवात तिच्या खाली करा. सरासरी ३० सेकंद असेल तर २० सेकंद, किंवा सरळ एकच कृती: एक तुकडा बसवणं, एक चित्र जुळवणं. कार्डाशेजारी दोन रंगांची पट्टी ठेवा. लाल बाजू वर असताना काम, ती एक कृती झाली की पट्टी उलटून हिरवी करा, कार्ड त्याच्यासमोर सरकवा, ब्रेक लगेच. लाल असताना त्याने कार्ड दिलंच तर ‘हे झालं की ब्रेक’ एवढंच म्हणा, पट्टीकडे बोट दाखवा आणि गरज पडली तर ती कृती हाताला आधार देऊन पूर्ण करून घ्या. त्याने हात ओढून घेतला तर आधार सोडा; धरून करवून घेणं म्हणजे नवं भांडण.

सलग दोन सेशन चावणं नाही, तर पुढची पायरी: १, २, ३, ५, ८ कृती. ३ वरून थेट १० वर उडी मारली की सगळं कोसळतं आणि मग ‘पद्धत चालत नाही’ असा शेरा पडतो. दोन सेशन बिघडली तर एक पायरी मागे.

दोन_पायऱ्या
वरच्याशी सहमत, एक भर. दोन्ही ब्रेक सारखे ठेवू नका. कार्ड देऊन मिळणारा ब्रेक ३० सेकंदांचा, साधा, खेळण्याशिवाय. ठरलेलं काम करून मिळणारा ३ मिनिटांचा, आवडत्या खेळण्यासह. मागणं बंद न करता कामच जास्त फायद्याचं होतं. ते खेळणं मात्र दिवसभर इतरत्र मिळत असेल तर त्याची किंमत उरत नाही.

आणि कामाकडेही बघा. इतक्या वेळा ‘थांबवा’ म्हणणारा मुलगा काहीतरी सांगतोय. दर ४ कृतींत ३ येणाऱ्या आणि १ नवी, असं मिश्रण करून पाहा. पाय जमिनीला टेकतात का? पेन्सिल धरणं जड जातंय का? दोन कामांतलं आधी कुठलं, हे त्याला निवडू द्या. चावणं अचानक वाढलं तर आधी दात, कान, बद्धकोष्ठता, झोप यांची डॉक्टरांकडून खात्री करा. दुखण्यावर वर्तनाची योजना चालवणं क्रूर आहे. कातडी फाटत असेल तर पर्यवेक्षकाशिवाय पुढे जाऊ नका.

घर_आणि_सेंटर
आईला ‘कामचुकार’ या शब्दापासून सोडवा. त्यांना नोंदवही दाखवा: चावण्याच्या जागी कार्ड आलं, ही प्रगती आहे.

घरी बिघडतं ते इथे: कार्ड सेंटरच्या बॅगेत राहतं आणि घरी चावल्यावरच सुटका होते. कार्डाच्या किमान ३ प्रती करा, एक कायम त्याच्या कमरेला. सुरुवात दोनच प्रसंगांनी, उदाहरणार्थ कपडे घालणं आणि दात घासणं. घरातल्या प्रत्येकाने तोच नियम पाळायचा, आजी-आजोबांनीही. नोंद म्हणून कागदावर दोन रकाने, ‘कार्ड’ आणि ‘चावणं’, त्यात फक्त रेघा. यापेक्षा मोठा तक्ता कोणी भरत नाही.

आणखी एक फसगत: चावला, लगेच कार्ड पुढे केलं, ब्रेक दिला. असं घडत राहिलं की तो ‘आधी चाव, मग कार्ड’ अशी साखळीच शिकतो. कार्डाची आठवण चावण्याआधी करा, खांदे वर जातात किंवा श्वास बदलतो तेव्हा. चावून झालंच असेल तर रागावू नका, काम अगदी छोटं करा, ३-५ सेकंद शांत गेली की मग कार्डाकडे बोट दाखवा.

टेबल_टाइम
पट्टी आणि दोन प्रकारचे ब्रेक लावतो. पण ब्रेक संपल्यावर टेबलावर परतच येत नाही, त्याचं काय?

दोन_पायऱ्या
दिसणारा टायमर लावा, संपायच्या १५ सेकंद आधी सूचना द्या. खेळणं हातातून काढून घेऊ नका. ‘इथे ठेव’ म्हणून एक डबा टेबलावरच ठेवा, म्हणजे खेळणं ठेवायला तो टेबलापर्यंत येतो. परतल्यावरची पहिली कृती त्याला डोळे झाकून येणारी हवी, आणि तिच्यानंतर लगेच शाबासकी. तरीही नाही आला तर टेबलच त्याच्याकडे न्या: पहिली कृती जमिनीवर करून घ्या, मग जागा थोडी थोडी टेबलाकडे सरकवा.