बारा बाय दहाच्या खोलीत टॉवर स्पीकर? माझं मत: आणू नका

काळी_एक

हल्ली ओळखीतले बरेच जण एकच प्रश्न विचारतायत. मुलं मार्गी लागली, कर्ज फिटलं, आता एक बेडरूम फक्त गाणं ऐकायला ठेवायचीय, आठ-दहा लाखांचं बजेट आहे, कुठले स्पीकर घेऊ? मी विचारतो खोली केवढी, तर उत्तर ठरलेलं, बारा बाय दहा. मुंबईत दुसरं काय असणार. आणि शोरूममध्ये त्यांच्या मनात भरलेला असतो माणसाच्या छातीपर्यंत येणारा, जमिनीवर उभा राहणारा टॉवर.

माझं मत स्पष्ट आहे, या खोलीत टॉवर आणू नका. चांगले बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर किंवा कपाटात ठेवायचे छोटे स्पीकर घ्या, मिळाले तर बंद खोक्याचे, म्हणजे मागे पोर्टचं भोक नसलेले, आणि उरलेले पैसे खोलीवर घाला.

का ते सांगतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक लाटा अडकून बसतात आणि त्या सुरावर खोलीच घुमायला लागते. हिशोब कुणालाही करता येतो, आवाजाचा वेग आपल्या हवेत सेकंदाला साधारण ३४५ मीटर, त्याला भिंतींतल्या अंतराच्या दुपटीने भागायचं. १२ फुटांचे येतात ४७ हर्ट्झ (सेकंदाला ४७ कंपनं), १० फुटांचे ५७ आणि साडेनऊ फुटी छताचे ६०. शेवटचे दोन एकमेकांना खेटून बसलेत, म्हणजे तिथे दुप्पट त्रास. टॉवर ३५ हर्ट्झपर्यंत खाली जातो यासाठी तुम्ही जादा पैसे मोजता आणि तो नेमका तिथेच खोली घुमवून ठेवतो.

दुसरं म्हणजे आपण ऐकतो काय? माझ्याकडे निम्म्याहून जास्त ख्याल आणि नाट्यसंगीत आहे. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झला, तानपुऱ्याचा खरज, म्हणजे सगळ्यात खालची तार, ६९ ला. त्याच्या खाली ख्यालात फार काही उरत नाही. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस ३/५ ए हा छोटा मॉनिटर स्पीकर बनवला तो ब्रॉडकास्ट व्हॅनसारख्या अडचणीच्या जागेत आवाज तपासता यावा म्हणून. बंद खोका, केईएफ कंपनीचा पाच इंची वूफर (खालच्या सुरांचा कोन), खाली फार जात नाही, पण माणसाचा गळा काय दाखवतो! कुमारजींचा एखादा अर्धवट सोडलेला स्वर किंवा किशोरीताईंची मींड त्या वंशाच्या स्पीकरवर ऐकून बघा, मग बोलू.

आणि हे नक्की वाचा. वूफर मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर असला तर भिंतीवरून परत येणारी लाट मूळ लाटेला १४० हर्ट्झच्या आसपास खाऊन टाकते. परत वर बघा, काळी एकचा सा कुठे होता? १३८ ला! म्हणजे गायक ज्या सा वर येऊन ठेपतो त्याचाच पाया स्पीकरच्या जागेमुळे पोकळ होतो आणि आपण म्हणतो अँप पातळ वाजतोय, चला बदलू. छोट्या खोलीत टॉवर ठेवला की वूफर बरोब्बर त्या दोन फुटांवरच येतो, कारण फूटभर तर त्याचा खोकाच मागे जातो आणि मागे वायरींना जागा लागते. छोटा बंद खोका भिंतीला जवळजवळ टेकवता येतो, वूफर फूटभर अंतरावर आला की हा खड्डा २८० कडे सरकतो आणि तिथे चार इंची रॉकवूलचं पॅनल त्याला आवरू शकतं. १४० ला तेच पॅनल फारसं काही करत नाही.

मुलुंड_चेकनाका

दादा, पूर्ण असहमत. गणित बरोबर आहे पण त्यातून काढलेला अर्थ उलटा आहे.

खोली ५७ ला घुमते ती बुकशेल्फ लावला तरी घुमणारच, फक्त बुकशेल्फ तिथे पोचेपर्यंत दमलेला असतो म्हणून आपल्याला बरं वाटतं. जास्त आहे ते कमी करता येतं, साध्या डीएसपीने (आवाज डिजिटली कमी-जास्त करणाऱ्या डब्याने) ५७ चा फुगवटा खाली ओढता येतो आणि मी माझ्याकडे तेच केलंय. पण जे मुळात निघतच नाही ते कसं वाढवणार? एक सप्तक खाली तेवढाच आवाज काढायचा तर चौपट हवा हलवावी लागते, पाच इंची कोन किती आत-बाहेर करेल बिचारा, आणि तो तसा हलत असताना त्याच कोनमधून गळाही येत असतो, तोही गढूळ होतो. चांगल्या टॉवरमध्ये गळ्याला बहुधा वेगळा ड्रायव्हर (आवाज काढणारा कोन) असतो, खालचं काम दुसरे करतात. म्हणजे तुम्हाला जो गळा प्यारा आहे त्याच्यासाठीच टॉवर पाहिजे!

आणखी एक, आपण मुंबईत मोठ्याने ऐकूच शकत नाही. रात्री साडेनऊनंतर मी जेमतेम बोलण्याच्या पातळीवर ऐकतो. कमी आवाजात कानाला खालचे सूर जास्तच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय, म्हणून तर जुन्या जपानी अँपवर लाउडनेसचं बटण असायचं. तेव्हा हळू ऐकणाऱ्यालाच खालचा भरणा जास्त लागतो, मोठ्याने ऐकणाऱ्याला नाही.

आणि फक्त ख्याल का? माझ्याकडे ध्रुपद आहे, पखवाजाची थाप आहे, ऑर्गन आहे. पखवाज पाच इंचांवर ऐकणं म्हणजे उंची कापलेला फोटो बघणं.

शेवटचं, खोली कायमची कुठे असते इथे? आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, भाड्याच्या घरात राहिलो, आता नवीन फ्लॅट, प्रत्येक वेळी खोली वेगळी आणि स्पीकर तेच. भिंतीत घातलेले पैसे बिल्डरच्या जेसीबीखाली जातात, स्पीकर सोबत येतात.

मध्यलय

मी गाणं शिकते, वीसेक वर्षं झाली असतील, स्पीकरमधलं फार कळत नाही पण तानपुरा रोज मांडीवर असतो म्हणून लिहिते.

काळी_एक दादा, "खोलीवर पैसे घाला" हे वाक्य मोघम सोडू नका हो. माझ्या मावसभावाने एका इंटेरियरवाल्याच्या सांगण्यावरून चारी भिंतींना एक इंची फोम चिकटवून घेतला, खाली जाड गालिचा, वर फोमचं सीलिंग. आत गेलं की कान दडपल्यासारखे होतात. तानपुरा लावला तर जवारी गेलेली! तार छेडल्यावर जो झणत्कार वर चढत जातो ना, एकातून दुसरा स्वर उमलतो, गंधार आपोआप ऐकू येतो, तेच नाहीसं. आणि डग्गा मात्र पूर्वीपेक्षा जास्त घुमतोय. त्यापेक्षा पूर्वीची पुस्तकांची कपाटं आणि गादी बरी होती.

मला टॉवर की बुकशेल्फ यापेक्षा जवारी जिवंत राहते की नाही हे महत्त्वाचं वाटतं.

परळ_चौदावा_मजला

मी शेजारी या नात्याने लिहितोय. आमच्या नवीन उंच बिल्डिंगमध्ये मिवान शटरिंगच्या (साच्यात ओतलेल्या) भिंती आहेत, सगळं काँक्रीट, आणि वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) आहे. गाणं कुठलं ते कळत नाही, फक्त धप धप पलंगातून येतं. बोललो तर म्हणाले भिंतींना साउंडप्रूफ पॅनल लावलेत. माणूस सज्जन आहे, त्याला खरंच वाटतंय की पॅनल लावलं म्हणजे आवाज बाहेर जात नाही.

रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे एवढं लक्षात ठेवून काय ते घ्या. आईला रात्री झोप लागत नाही आमच्या.

स्टुडिओ_अंधेरी

टॉवर विरुद्ध बुकशेल्फ हा वादच मला जुना वाटतो. मी रोज स्टुडिओत अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरवर काम करतो. प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा अँप, क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) अँपच्या आधी, मागे बास कमी-जास्त करायची सोय. फिनलंडची जेनेलेक १९७८ पासून हेच करतेय. दहा लाखांत अ‍ॅक्टिव्ह जोडी, मापायचा माइक आणि भिंतीची पॅनल्स सगळं होऊन पैसे उरतात, अँप आणि महागड्या वायरींचा प्रश्नच मिटतो. पॅसिव्ह, म्हणजे बाहेरचा अँप लागणारा स्पीकर असेल तरी पंधरा फुटांपर्यंत २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची साधी वायर पुरते, त्यावर हजारो रुपये घालू नका, कळकळीने सांगतो.

आणि कानावर फार विश्वास ठेवू नका. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हरमन या स्पीकर कंपनीत लोकांना तेच स्पीकर आधी दिसतील असे आणि मग पडद्याआड ऐकवले. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरला गुण जास्त, पडद्याआड चित्र बदललं. शोरूमवाला एक जोडी जराशी मोठी वाजवतो, एखाद डेसिबलचा फरकही "मोठा" म्हणून कळत नाही, "चांगला" म्हणून कळतो. तुलना करायची तर दोन्ही जोड्यांची पातळी मीटरने सारखी करून मागा, लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

वर्सोवा_किनारा

दोन ओळी, कारण हे कुणी लिहिलेलं नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी फोमच्या सराउंडचे (कोनाभोवतीच्या कडेचे) जुने स्पीकर सेकंडहँड घेऊ नयेत, दमट हवेत तो फोम चिकट होऊन बोटाला लागतो आणि मग तुटतो, रबर बघून घ्या. इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनलचा मोह मलाही होता, क्वाड कंपनीच्या तसल्या स्पीकरचा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही, पण हजारो व्होल्टवरचा तो पातळ पडदा आणि आमचा जुलै महिना यांचं जमत नाही, वर पाठीमागे मोकळी जागा पाहिजे ती वेगळीच. पॅसिव्ह स्पीकरची टर्मिनल्स पावसाळ्यानंतर एकदा पुसायची.

काळी_एक

सगळ्यांना एकदम उत्तर देतो.

मध्यलय ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, एक इंची फोम फक्त वरचे सूर खातो, खालच्यांना तो दिसतही नाही. ६० हर्ट्झची लाट पावणेसहा मीटर लांब असते, इंचभर फोम तिचं काय वाकडं करणार. म्हणून वरचं मेलं आणि डग्गा तसाच राहिला. मी म्हणतो ते वेगळं आहे, ४८ घनतेच्या (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूलचे चार इंच जाडीचे स्लॅब, सुताराकडून साधी चौकट, वर सुती कापड, आणि तेही फक्त स्पीकरच्या मागे, दोन कोपऱ्यांत आणि बाजूच्या भिंतीवर जिथे आरसा धरला तर बसल्या जागेवरून स्पीकर दिसतो तेवढ्याच ठिकाणी. बाकी भिंती उघड्या. पुस्तकांचं कपाट मागे राहू दे, ते आवाज मारत नाही, विखुरतं. जवारी जिवंत राहील.

परळकर, तुमच्या वरच्या सद्गृहस्थांना हे दाखवा: पॅनल आतली घुमारी कमी करतं, बाहेर जाणारा आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागतं आणि खालच्या सुरांना तर फार वजन लागतं, स्लॅब नि भिंतीतून ते जाणारच. म्हणून तर माझा आग्रह की खाली न जाणारे स्पीकर घ्या. हा सुद्धा एक हिशोब आहे, मुलुंडकर.

मुलुंडकरांना एवढंच, डीएसपीने फुगवटा कापता येतो हे बरोबर, पण १४० चा खड्डा भरता येत नाही. तिथे जेवढा आवाज वाढवाल तेवढीच परतणारी लाटही वाढते आणि ती पुन्हा खाऊन टाकते. अँप तापतो, खड्डा तिथेच. आणि जेसीबीचं म्हणाल तर माझी पॅनल्स खिळ्यावर टांगलेली आहेत, टेम्पोत टाकून नेता येतात.

मुलुंड_चेकनाका

खड्डा भरता येत नाही हे मान्य. पण तो खड्डा स्पीकरच्या जातीमुळे नाही, जागेमुळे आहे, बुकशेल्फ स्टँडवर दोन फुटांवर ठेवला तर त्यालाही तोच. आणि फरशीवरून परतणारी लाट विसरलात, तिथे टॉवरचे दोन-तीन वूफर वेगवेगळ्या उंचीवर असल्याने खड्डा एका जागी खोल न पडता पसरतो, स्टँडवरच्या एकुलत्या वूफरला ती सोय नाही.

शेजाऱ्यांचा मुद्दा मात्र गंभीर आहे. मी डीएसपीत ४० च्या खाली सरळ कापून टाकलंय आणि रात्रीसाठी वेगळं सेटिंग ठेवलंय, ५० च्या खाली काहीच नाही. स्पीकरखाली स्पाइकऐवजी जाड रबर. खालच्या काकूंना दोनदा विचारून आलो, काही ऐकू येत नाही म्हणाल्या. एवढं करून दिवसा पखवाज पूर्ण ऐकतो. बुकशेल्फवर ही निवडच नाही, तिथे दिवसाही रात्रच.

माझं मत बदललेलं नाही, पैसे असतील तर टॉवर, आणि डीएसपी त्याच दिवशी.

मध्यलय

म्हणजे दोघंही शेवटी म्हणताय की आधी खोली मोजा, भांडण फक्त पुढच्या वस्तूवर. मला एक सांगा, बसायचं कुठे? आमच्याकडे दिवाण मागच्या भिंतीला टेकून आहे आणि तिथे डग्गा सगळ्यात जास्त घुमतो, मधे येऊन उभं राहिलं की एकदम गायब होतो.

काळी_एक

ताई, हेच तर ते लांबीच्या भिंतींमधलं घुमणं, बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झचं. भिंतीला चिकटून त्याचा जोर सगळ्यात जास्त आणि खोलीच्या बरोब्बर मधोमध शून्य, तुमच्या कानांनी माइकशिवाय मोजलं. दिवाण भिंतीपासून तीन-साडेतीन फूट पुढे ओढा, मधोमध आणू नका, मागे पुस्तकांचं कपाट येऊ दे. रूम ईक्यू विझार्ड नावाचं खोलीतला आवाज मापायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मापायचा यूएसबी माइक माझ्याकडे आहे, पाहिजे तर घेऊन जा. आधी दिवाण हलवून मापा, मग स्पीकर भिंतीकडे थोडे थोडे सरकवत प्रत्येक वेळी मापा, आणि खरेदीचं त्यानंतर बघा. मुलुंडकर, तुम्हीही तुमच्या टॉवरचा आलेख डीएसपी बंद करून इथे टाका, १४० ला काय दिसतंय ते मला खरंच बघायचंय.