मदत हवी आहे: बारक्या, अडचणीच्या रोलर कोस्टरमध्ये सहा फुटी मामाने बसायचं कसं?

नमस्कार मंडळी. प्रश्न वाचून हसाल, हरकत नाही, पण माझे गुडघे खरंच दुखतायत.

मी नाशिकचा, सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. उंची 6 फूट 1 इंच, वजन 92 किलो. नऊ वर्षांच्या भाचीला रोलर कोस्टरचं वेड आहे, पण तेही जगावेगळं. खोपोलीला इमॅजिकातल्या नायट्रो या मोठ्या कोस्टरखाली उभे होतो, डोक्यावरून गाडी पाच-पाच वेळा उलटी होत चाललीय, माणसं किंचाळतायत, आणि ही म्हणते, "मामा, मोठे काय, सगळे बघतात." हिला हवेत ते बुटके, विचित्र, कोपऱ्यात पडलेले. त्यांची तिने वही केलीय. त्यात अमेरिकेतला टोबोगन आहे: दोन माणसांची गाडी 45 फुटी लोखंडी नळीच्या आतून उभीच्या उभी चढते आणि मग त्याच नळीभोवती बाहेरून गरागरा फिरत खाली येते. जपानमधल्या ओकायामाची पेडल मारायची उंचावरची सायकल आहे. आणि पेन्सिल्व्हेनियातल्या अल्टूनाचा 1902 चा लीप द डिप्स आहे, वेग ताशी 16 किलोमीटर. गाडी उसळून रुळावरून उडू नये म्हणून हल्ली रुळाखाली जी चाकं असतात, ती त्याला नाहीतच. जॉन मिलरने त्या चाकांचं पेटंट घेतलं ते 1919 साली. हे वाचून माझ्यातला मेंटेनन्सवाला जरा हलला, खोटं कशाला बोलू.

आता मूळ दुखणं. मे महिन्यात प्रवासात एका छोट्या पार्कमध्ये (नाव घेत नाही) वाइल्ड माउस मिळाला, म्हणजे एकेकटे छोटे डबे झटकन वळत जाणारा कोस्टर. भाची आनंदाने वेडी झाली. डबा एवढासा की गुडघे पुढच्या पत्र्याला टेकले, आणि दोघांत एकच दांडा, तो माझ्या मांडीवर अडकून थांबला. तिच्या पोटापुढे वीतभर जागा मोकळी. पहिल्याच वळणावर पुढचा भाग कठड्याबाहेर गेला, खाली सरळ जमीन, आणि गाडी वळायचं नावच घेईना. मग खाडकन वळली आणि मी पोरीवर आदळलो. असं सात-आठ वेळा. मध्येच गाडी थांबली, मला वाटलं बिघडली. उतरताना माझा एक पाय आत, बाकी मी बाहेर. पंधरा दिवस गुडघ्याला निळा डाग होता. नायट्रोवर मात्र मला काहीच झालं नव्हतं!

आता नवरात्रात कालिका यात्रेत ड्रॅगन ट्रेनमध्ये बसायचं कबूल करून बसलोय. शिवाय जानेवारीत कंपनीच्या ट्रेनिंगला टोकियोला जातोय, तिथे असाकुसाच्या हानायाशिकी पार्कमधल्या कोस्टरमध्ये बसून "वहीत नीट लिहून आण" असा हुकूम आहे. तर: छोट्यात एवढे हिसके का बसतात? पोरीला घेऊन बसायचं कसं? आणि मी मावणार का?

पंचवटीचा मास्तर
हिसक्यांचं गणित सोपं आहे. ताशी 20 म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. वळणाची त्रिज्या 3 मीटर धरा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, उत्तर दहाच्या आसपास. म्हणजे पृथ्वी तुम्हाला खाली जेवढं ओढते तेवढाच जोर, फक्त आडवा. तुमचे 92 किलो त्या क्षणी भाचीच्या अंगावर होते, बिचारी. मोठ्या कोस्टरचे रूळ वळणावर कलते असतात, त्यामुळे जोर सीटमध्ये जिरतो. वाइल्ड माउसचे रूळ मुद्दाम सपाट ठेवतात. चाकंही डब्याखाली मागे सरकवलेली, म्हणून नाक आधी बाहेर जातं आणि चाकं नंतर वळतात. मध्ये थांबली तो बिघाड नव्हता: रुळाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एकच गाडी. पुढची बाहेर पडेपर्यंत ब्रेक तुम्हाला धरून ठेवतो. रेल्वेच्या सिग्नलसारखंच.

जत्रेकरी
आडवं-तिडवं वाचलं तरी एक लक्षात ठेवा: सामाईक दांडा जाड माणसाच्या मांडीवर थांबतो, पोर सैल राहतं. उंचीच्या नियमात बसत असेल तर तिला पुढच्या रांगेत वेगळी बसवा, तुम्ही मागे. एकट्याने बसायला लहान पडत असेल तर अंगाने बारीक मोठं माणूस सोबत द्या. तुमची बहीण कशी आहे हे विचारत नाही 🙂

ड्रॅगनला साखळीची चढण नसते, मोटर गाडीतच असते. म्हणून पाळणेवाला मनात येईल तितके फेरे मारतो. आधी एक फेरी बाहेर उभं राहून बघा. गाडी एकाच बाजूला वळत राहत असेल तर तुम्ही बाहेरच्या अंगाला बसा, पोर आतल्या. जोर बाहेरच्या बाजूला जातो, उलटं बसलात तर पुन्हा चेंगरेल. इंग्रजी आठाचा रूळ असेल किंवा वाइल्ड माउस असेल तर दोन्हीकडे वळतं, तिथे ही युक्ती चालत नाही. मला तरी शेवटच्या डब्यात जास्त झटके लागतात, मधला धरा. आणि मेंटेनन्सवाले आहात ना? दांड्याच्या पिनेला क्लिप आहे की तार गुंडाळलीय ते बघा. पोऱ्या प्रत्येक दांडा हाताने दाबून बघतो का, तेही. नाही बघत? मग भेळ खा आणि घरी या.

टोकियोतला सिन्नरकर
हानायाशिकी सेन्सोजी मंदिराला लागूनच आहे. तिथला कोस्टर 1953 चा, जपानमधला सर्वांत जुना, वेग जेमतेम ताशी 42. पण रूळ घरांच्या इतक्या जवळून जातात की आता कुणाच्या तरी भिंतीत शिरणार असं वाटतं. आपल्या भद्रकालीच्या बोळात स्कूटर घातल्यासारखं. वेगाची भीती नाही वाटत, कोपरांची वाटते.

मावण्याचं म्हणाल तर घरी मोजा. भिंतीला पाठ लावून खुर्चीत ताठ बसा, भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत टेप लावा. रांगेत शिरण्याआधी डब्याकडे बघून तो आकडा आठवा. शंका असली तर रांगेच्या तोंडाशीच कर्मचाऱ्याला विचारा, खुणेने विचारलं तरी कळतं. खिसे रिकामे करा, मोबाईल मांडी आणि पत्र्याच्या मध्ये सापडला तर दोघंही जातात. गुडघे सरळ पुढे न ठेवता किंचित तिरके, दोन्ही एकाच बाजूला. मान-पाठीचं जुनं दुखणं असेल तर मात्र बसूच नका.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. कालिका यात्रेत जाऊन आलो. ड्रॅगन एकाच बाजूला वळत होता, मी बाहेरच्या अंगाला. पिनांना क्लिपा होत्या, दोन ठिकाणी नव्या घातलेल्या दिसल्या. पाळणेवाल्याने सहा फेरे मारले, भाचीने सातवा मागितला. मास्तर, या वेळी ती चेंगरली नाही, उलट तीच माझ्यावर येत होती.

टेप लावली. 65 सेंटिमीटर. भाचीने वहीत लीप द डिप्सच्या खाली "मामा, 65" असं लिहून ठेवलंय आणि आता दिसेल त्या रिक्षाची मागची सीट मोजत सुटलीय.