रात्रीच्या कबड्डीसाठी टेलिफोटो लेन्स : आयएसवाली घेऊ की बिनआयएसची?

डावा_कोपरा
नमस्कार मंडळी. चिपळूणच्या आसपास गावोगावी महिला कबड्डीचे सामने होतात, त्यांचे फोटो मी काढते. शाळेत असताना स्वतः कोपरा खेळायचे, म्हणून जीव गुंतलाय. सामने मातीवर, रात्री, खांबांवरच्या दिव्यांत.

कॅमेरा कॅनन ८०डी, लेन्स ५५-२५० मिमी आयएस (आयएस म्हणजे हाताची थरथर आवरणारी सोय). २५० ला ॲपर्चर ५.६ (आकडा लहान तितका उजेड जास्त) आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची क्षमता, १२८०० ठेवूनही शटर १/२५० सेकंदाच्या वर जात नाही. मध्यरक्षक दबा धरून उभी असते, तिच्या जर्सीवरचा नंबर लख्ख वाचता येतो. तिच्याच शेजारून बोनस मारणारीचा पाय मात्र फडक्याने पुसल्यासारखा.

बजेट पंचावन्न हजार. सेकंडहँड ७०-२०० एफ २.८ बिनआयएसची बघून ठेवलीय, दुसरा पर्याय ७०-२०० एफ ४ आयएस. दुकानदार म्हणतात, आयएसशिवाय टेली घेऊच नका. काय करू?

संध्याप्रकाश
ताई, उत्तर तुमच्याच फोटोत आहे. नंबर लख्ख आला म्हणजे हात हलला नाही. पाय पुसला गेला कारण पाय हलला. आयएस तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, खेळाडूला थांबवत नाही. एफ ४ आयएस घेतलीत तर शटर जेमतेम दुप्पट मिळेल, १/५००. एफ २.८ वर त्याच आयएसओला १/१०००. २.८ घ्या, बिनआयएसची असली तरी.

घाटवळण
थोडा वेगळा अनुभव सांगतो. मी सायकल शर्यती टिपतो. घाटात सायकलस्वाराबरोबर कॅमेरा फिरवत १/६० ला फोटो घ्यायचा असतो, तिथे आयएसचा मोड २ लागतोच. तो आडवी हालचाल मोकळी सोडतो आणि वरखाली होणारी थरथर तेवढी आवरतो. शिवाय २०० ला व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर दिसलं की फ्रेम धरणं सोपं जातं. बक्षीस समारंभालाही उपयोग होतो, तिथे माणसं उभीच असतात. आणि वजन बघा : २.८ बिनआयएसची १३१० ग्रॅम, एफ ४ आयएस ७६०. तीन तास हातात धरायचीय.

संध्याप्रकाश
घाटाबद्दल पूर्ण सहमत. पण कबड्डीत १/८०० च्या खाली काम भागत नाही, आणि त्या वेगाला २०० ची थरथर मुळात फोटोत येतच नाही. वजनासाठी मोनोपॉड (एकपायी स्टँड) घ्या. २.८ ला कॉलर (स्टँडवर बसवायचं कडं) असते, ती मोनोपॉडवर बसवली की हात मोकळा.

माती_आणि_मॅट
मी दोन्ही पर्यायांना बाजूला सारून तिसरा सुचवतो, कारण मैदान लहान आहे. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटर, म्हणजे एक अंगण ६ मीटर लांब. चढाई करणारीचा चेहरा हवा असेल तर तुम्ही बचाव करणाऱ्यांच्या मागे, अंतिम रेषेपलीकडे बसणार. रेषेपासून चार-पाच मीटर मागे सरकलात तर मध्यरेषा दहा-अकरा मीटरवर. तिथे ८०डीवर ८५ मिमी लावली की साधारण तीन मीटर रुंदीची फ्रेम मिळते : चढाई करणारी आणि तिच्यावर झेपावणाऱ्या दोघीतिघी. २०० ला सव्वा मीटरच्या आत, एकाच खेळाडूचा वरचा भाग.

८५ एफ १.८ ला आयएस नाही, वजन सव्वाचारशे ग्रॅम. तुमच्या उजेडात १/१००० ला आयएसओ ५००० च्या आसपास पुरेल. २.८ ला त्याच शटरसाठी १२८०० च लागेल, ८०डीवर त्याचा दाणा (फोटोतला खरखरीतपणा) चेहऱ्यावर दिसतो. अडचण एकच : १.८ ला फोकसची खोली, म्हणजे मागेपुढे स्पष्ट दिसणारा पट्टा, मध्यरेषेपाशी मीटरभरच, खेळाडू जवळ आली की त्याहूनही कमी. सर्वो फोकस (हलत्या खेळाडूमागे फिरणारा) ठेवा आणि पॉइंट छातीवर धरा.

दमट_कपाट
सेकंडहँड घेताना आपल्या कोकणाचा विचार करा. मागचं झाकण काढून ॲपर्चर पूर्ण उघडं असताना पुढून मोबाइलचा टॉर्च मारा आणि मागून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, स्वस्त मिळाली तरी सोडा. बारीक धुळीचे चारदोन कण असतील तर चालतील. ७० पासून २०० पर्यंत झूम फिरवून कुठे अडकतं का पाहा, आणि स्वतःच्या बॉडीवर लावून उघड्या ॲपर्चरला वीसेक फोटो काढा.

डावा_कोपरा
सगळ्यांचे मनापासून आभार. परवा एका मित्राची ८५ मागून नेली होती. पहिल्याच सामन्यात चढाईला आलेली एक मुलगी अंगणातल्या निदानरेषेवरून मागे फिरताना घोट्यात पकडली गेली. त्या फोटोत उडालेल्या मातीचे दाणे सुटे दिसतात, वेणीचं टोक हवेत थांबलंय आणि पकड करणारीची बोटं घोट्यात रुतलेली. इतक्या वर्षांत असा फोटो मला मिळाला नव्हता. चढाई पलीकडच्या अंगणात गेली की खेळाडू लहान दिसतात आणि चढाई करणारी पाठमोरी, तेव्हा कॅमेरा खालीच ठेवला.

तर आता ८५ घेते. २.८ बिनआयएसची दिवसाच्या सामन्यांसाठी, पुढच्या मोसमात. एकच राहिलं : लागोपाठ काढलेल्या फोटोंत एक उजळ, दुसरा अंधारा, तिसरा पिवळट. हे लेन्समुळे का?

माती_आणि_मॅट
नाही, दिव्यांमुळे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात आणि १/१००० ला त्यातला एक तुकडाच पकडला जातो. ८०डीच्या मेनूत अँटी-फ्लिकर आहे, ते चालू करा. कॅमेरा उजेड वर असतानाच शटर सोडतो. लागोपाठ फोटो काढायचा वेग किंचित कमी होईल, पण रंग जुळतील.