‘शालोम अलेखेम’ला उत्तर काय द्यायचं?

रेवदंडेकर: समोर एकच माणूस असला तरी ज्यू लोक ‘शालोम अलेखेम’ (तुम्हांवर शांती असो) या अभिवादनात ‘अलेखेम’ (तुम्हांवर) असं अनेकवचन का वापरतात? आणि हे अभिवादन कधी टाळायचं?

शनवार_तेली: उत्तर उलट्या क्रमाने द्यायचं: ‘अलेखेम शालोम’. अनेकवचनाचं पारंपरिक स्पष्टीकरण असं, की माणसासोबतच्या देवदूतांनाही त्यात धरलेलं असतं. रोजच्या इस्रायली बोलण्यात मात्र नुसतं ‘शालोम’ चालतं. शुक्रवारी संध्याकाळपासून ‘शब्बात शालोम’, शनिवारी रात्री शब्बात (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) संपला की ‘शावुआ तोव’ (चांगला आठवडा). नवखे इथेच चुकतात.

मागेन: टाळायच्या जागा जास्त महत्त्वाच्या. बायबलमधल्या शास्ते 6:24 मध्ये इस्रायलचा नेता गिदोन वेदीला ‘परमेश्वर शालोम’ असं नाव देतो. म्हणून तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ ‘शालोम’ हा शब्द देवाचं नाव मानतो आणि न्हाणीघरात उच्चारू देत नाही. शिवाच्या, म्हणजे जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या शोकाच्या, 7 दिवसांत शोकाकुल माणसालाही शालोम करत नाहीत. तिशा बाअवच्या (जेरुसलेमच्या मंदिरांच्या नाशाबद्दलच्या शोकाच्या) उपासालाही नाही. पण कुणी अजाणतेपणी केलंच, तर हळू आवाजात उत्तर द्यावं. गप्प राहून त्याला ओशाळं करू नये.

रेवदंडेकर: आणि चंद्राच्या प्रार्थनेत?

मागेन: किद्दुश लेवानात तिघांना ‘शालोम अलेखेम’ म्हणतात, प्रत्येक जण ‘अलेखेम शालोम’ म्हणतो. हे उघड्यावर, चंद्र दिसत असताना.